नामं माझी, क्रियापदं तुझी

सुमेधा,

तुझ्या मिलिंदनं मला बुद्धवंदनेच्या दिवशी वाचायला तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितल्यात, आणि त्याही 'तुझ्या त्या शुद्ध मराठीत'. बिचारा दुःखात आहे, म्हणून मी वाद घातला नाही. पण तुझ्यावर शुद्ध मराठीत लिहायचं म्हणजे मिसळीतली नुसती मटकी वेचायची आणि ती पाहुण्यापुढे मिसळ म्हणून ठेवायची. "विनया, बों, मी ग्रोसरी करून येते, अलोर तू कुकरकडे बघून राह्य ला," असं तू लिफ्टच्या दारातून ओरडायचीस आणि लिफ्ट बंद व्हायची. 'बों' म्हणजे 'बरं' आणि 'अलोर' म्हणजे 'मग', हे मला फार उशिरा कळलं. तोवर हे दोन्ही शब्द नागपूरकडचे असणार, असं मी पुणेरी आत्मविश्वासानं धरून चालले होते.

तुझ्या त्या 'ला'ची तर गंमतच होती. माँट्रियलचे लोक वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, ते तू तिथून उचलून आणलंस. इकडे सिंगापूरचे लोक 'लाह' लावतात. त्यामुळे मला जे लाह म्हणायला लाज वाटायची, ते तू विमानातून उतरल्या उतरल्या म्हणू लागलीस, आणि आपल्या बिशानच्या बाजारातली भाजीवाली पहिल्या आठवड्यापासून तुला इथलीच समजून जुडीमागे दोन मिरच्या जास्त घालू लागली. मी तिच्याकडून किती वर्षं भाजी घेतेय! मला अजून एक मिरची फुकट मिळालेली नाही.

खरं सांगायचं तर मला लिहायला सवड नाही. यशू जेवत नाहीये. तू गेल्यापासून तुझी लेक 'ओके', 'कॅन' आणि 'लेटर' या तीन शब्दांवर जगतेय. मिलिंदची खिचडी परत जाते. शेजारच्या टॅन आंटी भाताची गरम पेज आणतात, ती तशीच निवते. यशू चमचा हातात घेते, बघते आणि खाली ठेवते. शाळेतून समुपदेशक बाई येऊन गेल्या. फार गोड बाई, फार गोड इंग्रजी. यशूनं त्यांना 'थँक यू' म्हटलं आणि खोलीत निघून गेली. शेवटी परवा मिलिंद लिफ्टपाशी मला म्हणाला, "विनया, तुझ्याशी बोलेल ती. तू बोल तिच्याशी." मी हो म्हटलं. पण कुठल्या भाषेत बोलू, हे तू मला सांगून गेली नाहीस, आणि आपलं सगळं भांडण तर त्यावरूनच होतं.

आठवतंय ना? मी म्हणायची, या मुलीला एक तरी भाषा धड दे. मराठी तिला कळते, पण उत्तर देते इंग्रजीत. इंग्रजी बोलते ते शाळेच्या मैदानावरचं. फ्रेंच म्हणे तिला लहानपणी येत होतं, ते इकडे येऊन पहिलीत विसरली. "उद्या ही मुलगी स्वप्नं कुठल्या भाषेत बघणार?" असं मी एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं. तू भेंडी चिरत होतीस. "तिला काय पाहिजे ते तुला समजते ना?" तू विचारलंस. मी म्हटलं, समजतं, पण... "मग पण काहून?" तू म्हणालीस आणि भेंडी चिरत राहिलीस. तुझ्याशी वाद घालणं फार अवघड होतं, कारण तुला तो जिंकायचाच नसायचा.

मला मात्र जिंकायचा असायचा. माझ्या कानाला खोडच आहे, बोलणाऱ्याचं म्हणणं नंतर पोचतं, भाषा आधी पोचते. तुझी पहिली ओळखसुद्धा तशीच झाली. मी आठव्या मजल्यावर राहणारी, तू नुकतीच दहाव्यावर आलेली. लिफ्टमध्ये एक बाई, बरोबर लोकरीची टोपी घातलेली चिमुरडी. बाहेर अंगाची लाही होतेय आणि पोरगी टोपी काढायला तयार नाही. तू म्हणालीस, "आँलेव्ह ता त्युक, बेटा, सो हॉट आहे ना, घाम येऊन राहिला पाहा!" मी तीन मजले विचार केला की हे काय ऐकलं. 'येऊन राहिला' एवढाच दोर हाताला लागला, तो धरून मी विचारलं, "नागपूर का?" तू इतकी खूश झालीस की मला थेट दहाव्या मजल्यावर नेऊन चहा पाजलास. टोपी पोरीनं तरीही काढली नाही.

आता माझ्या नोकरीची गोष्ट लिहिते. मिलिंदलाही ती पूर्ण माहीत नाही आणि ती मी तुझ्या तोंडावर कधी सरळ कबूल केली नाही.

तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसचं मुख्यालय पॅरिसला. मी हिशेबात. महिनाअखेरीला तिकडून आकडे यायचे, ते जुळवून मी पुढे पाठवायचे. आकडे कधीच वेळेवर यायचे नाहीत. दर गुरुवारी दुपारी फोनच्या डब्याभोवती आम्ही बसायचो, तिकडे त्यांची सकाळ असायची. चौकशी इंग्रजीत असेपर्यंत पॅरिसला उत्तम इंग्रजी यायचं. "आकडे कुठे आहेत?" असं विचारलं, की त्या सगळ्यांना एकदम फक्त फ्रेंच यायचं. आधी आमच्यात एक फ्रेंच येणारा गृहस्थ होता, तो नोकरी सोडून मायदेशी गेला. मग आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की तिमाही संपेपर्यंत आकडे वेळेवर यायला लागले नाहीत, तर हे काम पॅरिसलाच हलवू. काम गेलं की माझा इथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला. एकट्या बाईनं इतकी वर्षं उभं केलेलं सगळं एका फोनच्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

मी रडवेली होऊन तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "त्यात काय वं? मी शिकवते ना फ्रेंच."

मी व्याकरणाचं जाड पुस्तक आणलं. तू ते यशूच्या खुर्चीवर ठेवलंस, म्हणजे तिचा हात टेबलाला पुरेल. मग तू मला तुझी पद्धत सांगितलीस. "हे पाह्य, ऑफिसातली नामं इंग्रजीच असतात. पॅरिसमधेपण. रिपोर्टिंग, बजेट, क्लोजिंग, सगळ्यांच्या आधी 'ल' लावायचा, झालं फ्रेंच. नामं तुझ्याजवळ आहेत. क्रियापदं मी देते."

मला हे पटेना. मी गुरुवारी कान देऊन ऐकलं आणि खरंच की! पॅरिसचे मोठे साहेब बेर्त्राँ, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आमचे साहेब ताठ बसायचे, ते सरळ 'ल मीटिंग', 'ल डेडलाइन', 'ल फीडबॅक' म्हणत होते. ईमेल पुढे पाठवायला 'फॉरवर्दे' म्हणत होते. मी घरी येऊन तुला सांगितलं, तर तू एकदम चिडलीस. "ल मेल? ल वीकेंड? माँट्रियलमधे आम्ही ईमेलले कुर्रिएल म्हणतो! वीकेंडले फँ द समेन म्हणतो! काही लाज आहे की नाही त्या पॅरिसवाल्यांना?" आणि पुढच्याच श्वासात मला म्हणालीस, की मिलिंदला फोन करून 'चेके' कर, त्यानं गाडी कुठे 'पार्के' केली आणि डेंटिस्टची वेळ 'कॅन्सले' केली की नाही. मी पोट धरून हसले. म्हणजे शुद्धतेचं वेड तुलाही होतं गं! फक्त ते दुसऱ्यानं भेसळ केली की चढायचं. अगदी माझ्यासारखं.

तर रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यापाशी मी क्रियापदं शिकले. आवरून ठेवू या: ओँ राँज. सगळ्यांनी वाटून घ्यायचं: ओँ पार्ताज. ज्याची पाळी त्याची: शाकँ सोँ तूर. हे कुणाचं आहे: सेता की, सा? निजलंय: फे दोदो. आणि संपलं, आता हात धुऊ या: ओँ स लाव्ह ले मँ. मी विचारलं, हे हात धुणं हिशेबात कुठे बसतं? तू म्हणालीस, "महिन्याचे हिशेब मिटले, क्लोजिंग झालं, की म्हणायचं." मी ते वहीत उतरवून घेतलं, क्लोजिंग म्हणजे हात धुणे.

पहिल्या गुरुवारी मी वही मांडीवर उघडून बसले. बेर्त्राँ नेहमीसारखे फ्रेंचमध्ये शिरले. मी डब्याजवळ तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बेर्त्राँ, ल रिपोर्टिंग फे दोदो?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज. मला वाटलं, बरोबर बोललो आपण, वचक बसला. मी पुढे गेले. एक रक्कम कुणाच्या खात्यावर टाकायची यावरून त्यांच्यात दोन महिने टोलवाटोलवी चालली होती. मी म्हटलं, "सेता की, ल डेबिट?" आणि लगेच, "नों, नों, नों. ओँ पार्ताज!" मग सगळे एकदम बोलायला लागले, तेव्हा "शाकँ सोँ तूर!" आणि शेवटी, "ब्राव्हो, मोँ ग्राँ. ओँ स लाव्ह ले मँ." सुमेधा, त्याच दिवशी संध्याकाळी आकडे आले. पुढच्या महिन्यात एक दिवस आधी आले. आमच्या साहेबांनी मला विचारलं, फ्रेंच कुठे शिकलात? मी सांगितलं, खाजगी शिकवणी.

तिमाही गेली, वर्षही गेलं. माझी नोकरी राहिली, पास राहिला, घर राहिलं. आणि मग बेर्त्राँ स्वतः सिंगापूरला आले.

सहा फुटांचा पांढऱ्या केसांचा माणूस. मीटिंगच्या खोलीत आला, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांचे तळवे माझ्यापुढे पसरले. मग उलटे करून नखं दाखवली. इंग्रजीत म्हणाला, "धुतलेत."

मला काही कळेना. आमच्या ऑफिसात नव्यानं आलेली एक फ्रेंच मुलगी होती, तिनं तोंडात रुमाल कोंबला होता. तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तिनं डोळे पुसत सांगितलं, की मी गेलं वर्षभर पॅरिसच्या हिशेब खात्याशी पाळणाघरातल्या बाईसारखी बोलतेय. 'दोदो' म्हणजे आपलं गाई गाई. बेर्त्राँला मी दर महिन्याला 'शाबास माझा मोठा मुलगा' म्हणते आणि हात धुवायला पाठवते. गुरुवारची वेळ झाली की पॅरिसला सगळे शेजारच्या खात्यांतून खुर्च्या आणून बसतात. ज्याचे आकडे तयार नसतील त्याला 'बाईंना काय सांगणार?' म्हणून चिडवतात. तिला हे कधीचं माहीत होतं. तिनं सांगितलं नाही, कारण तिलाही गुरुवार आवडायचा.

मी त्या दिवशी बिशानला आले ती तडक दहाव्या मजल्यावर. माझ्या तोंडाचा पट्टा तुझ्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. तू माँट्रियलला एका संस्थेत कामाला होतीस, एवढं मला ठाऊक होतं. त्या संस्थेतली सगळी मंडळी तीन वर्षांच्या आतली होती, हे तू सांगितलं नव्हतंस.

"काहून भडकून राहिली?" तू विचारलंस. "मले दुसरं फ्रेंच येते कुठं?"

"मला बालवाडीचं फ्रेंच शिकवलंस तू! कंपनीच्या संचालकाला मी गाई गाई म्हणाले!"

"आले ना आकडे टायमावर?"

"प्रश्न तो नाहीये!"

"हाव, तो नाही," तू म्हणालीस. "पण तू चांगलं फ्रेंच बोलली असती ना विनया, त्यांनी तुले चांगल्या फ्रेंचमधे नाही म्हटलं असतं."

मी दार आपटून खाली आले. आठवडाभर बोलले नाही. आठव्या दिवशी तू साबुदाणा वडे घेऊन आलीस. मी वडे खाल्ले, पण अबोला पूर्ण सोडला नाही. गुरुवारचे फोन मात्र तसेच चालू ठेवले, कारण आता बदललं तर आकडे थांबले असते. दोन्हीकडच्यांना सगळं ठाऊक होतं, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. तुला शिव्या घालत मी तुझ्याकडे नवीन क्रियापदं शिकायला येतच राहिले.

तू ते मुद्दाम केलंस का, हे मला विचारायचं होतं. दर वेळी वाटायचं, आज विचारू. तू हसून काहीतरी तिसरंच बोलशील, म्हणून राहून जायचं. आता विचारायची सोयच उरली नाही. आणि आणखी एक विचारायचं होतं. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली तू, परदेशात नवऱ्याच्या मागून गेलीस, प्रयोगशाळेच्या नोकऱ्या मिळेनात म्हणून दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसलीस. त्याचं तुला वाईट वाटलं होतं का? तू कधी तसं दाखवलं नाहीस. ती पोरं तुला काय म्हणून हाक मारायची, हेसुद्धा मी विचारलं नाही. त्या पोरांचं फ्रेंच तू बर्फातून उचलून इथवर आणलंस आणि माझं घर वाचवलंस. थँक्यू म्हणायला मला फार जड जातं, तुला माहीत आहे. पुण्याची माणसं आहोत आम्ही. आता म्हणते. तू मला फार आवडायचीस, सुमेधा.

इथवर शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितेय, कारण मध्ये कालचा दिवस झाला.

काल दुपारी वरणभात घेऊन वर गेले. मिलिंद उद्याच्या बुद्धवंदनेच्या तयारीला बाहेर गेला होता. यशू जेवणाच्या टेबलाशी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. माझ्याएवढी उंच झाली आहे गं आता, पण कालच्या दिवशी अगदी एवढीशी दिसत होती. मी मराठीत म्हटलं, "यशू, चार घास खाऊन घे." "लेटर, मावशी." मग इंग्रजीत म्हटलं, थोडं तरी खा, बरं वाटेल. "नॉट हंग्री." माझ्या दोन्ही भाषा तिथेच संपल्या.

मी चमचा भरला आणि तिच्या तोंडासमोर धरला. आणि मला काही कळायच्या आत तोंडातून निघालं, "ऊन बूशे पूर पापा." एक घास बाबांसाठी. तूच शिकवलेलं. ऑफिसात एखादा खर्च सगळ्या शाखांवर वाटायचा असला की मी हे म्हणायची, एक घास टोकियोचा, एक घास हाँगकाँगचा.

तिनं वर बघितलं. मग तोंड उघडलं.

मी घाईनं दुसरा चमचा भरला. ऊन बूशे पूर मावशी. तो गेला. पूर टॅन आंटी. तोही गेला. मग मला नावं सुचेनात, म्हणजे एक नाव सुचत होतं आणि ते घ्यायचा धीर होत नव्हता. म्हणून टोकियोचा घास दिला, हाँगकाँगचा दिला, बेर्त्राँचासुद्धा दिला. बेर्त्राँ कोण, असंही तिनं विचारलं नाही, मुकाट्यानं खात होती.

मग म्हणाली, "मावशी, यू स्किप वन लाह."

मी चमचा खाली केला.

"पूर मामाँ कम्स फर्स्ट. ऑल्वेज फर्स्ट. आई नेव्हर टीच यू प्रॉपरली, इज इट?"

तिनं माझ्या हातातून चमचा काढून घेतला. वरण नीट कालवलं, घास भरला, "पूर मामाँ" असं स्वतःच म्हणाली आणि खाल्ला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घास काढून ठेवायची रीत आहे. तुमच्याकडे ती नाही, मला माहीत आहे. तुझ्या नावाचा घास तुझ्या लेकीनं खाल्ला. रडत खाल्ला, नाक गळत होतं, पण पूर्ण खाल्ला.

मग ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आणखी भात मागितला. कुठल्या भाषेत मागितला, ते मला आज कितीही आठवून आठवत नाही.